लो-सोडियम मीठ की साधंच मीठ, पण कमी?

डॉक्टरांनी "मीठ कमी करा" एवढंच सांगितलं आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. माझं वय ५४, त्या दिवशीचं बीपी १४८/९४. घरी पोचेपर्यंत त्या तीन शब्दांचे दोन अर्थ निघाले होते. हिचं म्हणणं, मीठच बदलू या, लो-सोडियम, म्हणजे बीपी वाढवणारं सोडियम ज्यात कमी असतं ते, आणू या, म्हणजे हात आहे तसाच राहील आणि कोणाचं तोंड वाकडं होणार नाही. माझं म्हणणं, मीठ तेच राहू दे, हात आखडता घेऊ या. दोन्ही करून पाहिलं. आधी तिचं, मग माझं. मधे शेजाऱ्यांच्या आग्रहाने सैंधवाचाही एक फेरा झाला.

मी डॉक्टर नाही, आहारतज्ज्ञ नाही. बँकेत कर्जाची कागदपत्रं तपासतो. पण हिची शाळा दुपारची असल्यामुळे संध्याकाळचा स्वयंपाक गेली सहा-सात वर्षं माझ्याकडे आहे, म्हणजे मिठाच्या बरणीत जाणारा हात बहुतेक वेळा माझाच. घरात आम्ही चौघं: आम्ही दोघं, कॉलेजात जाणारा मुलगा आणि ८१ वर्षांची आई. आई मूळची पेणची. पेणच्या माणसाला मीठ कमी कर म्हणणं म्हणजे काय ते पेणच्याच माणसाला कळेल. खाडीकडेला मिठागरं, पावसाळ्याआधी गवताने शाकारलेले मिठाचे ढीग, आणि घरोघरी पापड. आजोळी जाडं मीठ मडक्यात असायचं आणि आषाढात त्याला पाणी सुटून मडक्याखालची जमीन कायम ओली दिसायची. त्या घरात मीठ मोजलेलं मी कधी पाहिलं नाही.

म्हणून आम्ही आधी मोजायचं ठरवलं. त्यासाठी वजनकाटा लागत नाही, बॉलपेन लागतं. मिठाची एक किलोची पुडी फोडली की तिच्यावर तारीख टाकायची, संपली की दिवस मोजायचे. आमची पुडी २७ दिवसांत संपली. चौघांत भागलं तर माणशी दिवसाला सव्वानऊ ग्रॅम. यातलं थोडं गुळण्यांत जातं, थोडं भाज्या धुण्यात, हे खरं. पण बाहेरचा वडापाव, ऑफिसातलं फरसाण, बेकरीचा पाव हे यात धरलेलंच नाही. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमच्या आत राहा म्हणते. २०१७-१८ च्या राष्ट्रीय पाहणीत भारतातली सरासरी ८ ग्रॅमच्या आसपास निघाली होती. चौघांचं घर ५ ग्रॅमवर राहिलं तर किलोची पुडी ५० दिवस पुरायला हवी. हा ५० चा आकडा मी मनाशी धरला आणि पुढची सगळी तुलना त्याच्यावरच केली. शास्त्रीय पद्धत नाही ही, लघवी तपासून सोडियम मोजतात ती खरी. पण रोजच्या घराला एवढं पुरतं.

सैंधवाचं आधी उरकून टाकतो, कारण त्यात फार काही नाही. शेजारच्या काकू म्हणाल्या, "अहो, समुद्राचं मीठ सोडा, शेंदेलोण घ्या, त्याने बीपी वाढत नाही." गुलाबी खडे आणले, कुटले, वापरले. चव छान असते, दह्यावर तर फारच. पण सैंधव म्हणजेही सोडियम क्लोराइडच, शंभरातले सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णव भाग तेच. तो गुलाबी रंग बीपीसाठी काही करत नाही. उलट त्यात बहुधा आयोडीन नसतं. आपल्याकडे गलगंडाच्या त्रासामुळे खायच्या मिठात आयोडीन घालणं सक्तीचं केलं गेलं, त्यामागे काही कारण होतं. शिवाय "हे चांगलं मीठ आहे" या समजुतीने आम्ही ते जास्तच वापरलं, विशेषतः आई. उपासाला ठेवलंय, रोजच्याला नाही. पादेलोणाचंही तेच.

आता खरी लढत. लो-सोडियम मिठाबद्दल सुरुवातीलाच सांगतो, पुरावा त्याच्या बाजूने आहे आणि तो लपवून मला माझी बाजू जिंकायची नाही. या मिठात सोडियम क्लोराइडचा काही भाग काढून त्याजागी पोटॅशियम क्लोराइड घालतात. सोडियम कमी झाल्याचा फायदा आहेच, वर पोटॅशियमही बीपी उतरवायला मदत करतं. चीनमधल्या ६०० खेड्यांत सुमारे २१ हजार लोकांवर पाच वर्षं प्रयोग झाला. निम्म्या खेड्यांना तीन भाग साधं आणि एक भाग पोटॅशियमचं असं मीठ दिलं, निम्मी आपल्या नेहमीच्या मिठावर राहिली. पक्षाघाताचं प्रमाण १४ टक्क्यांनी कमी आलं, मृत्यूही कमी झाले. २०२१ मध्ये त्याचे निष्कर्ष छापून आले. तिथे हे जमलं कारण तिथल्या खेड्यांतही आपल्यासारखंच आहे, पोटात जाणारं बहुतेक मीठ घरच्या चुलीवर पडतं, पाकिटातून येत नाही. जानेवारी २०२५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही मोठ्यांसाठी घरातलं साधं मीठ बदलून पोटॅशियमचं घ्यायला हरकत नाही, अशा अर्थाची शिफारस केली. त्या शिफारशीला एक शेपूट आहे, त्याच्याकडे येतोच.

तर आम्ही आणलं. दुकानात १५ टक्के कमी सोडियमवालं होतं आणि ३० टक्केवालंही. उत्साहात ३० टक्केवालं घेतलं. साध्या मिठापेक्षा महाग, पण मिठाच्या किमतीवरून कोणी घर विकत नाही, तेव्हा तो मुद्दा मी धरत नाही.

आमटीत काही कळलं नाही. चिंच-गूळ-गोडा मसाला यांच्या गर्दीत ते मिसळून गेलं. उसळ, रस्सा, पिठलं, सगळं ठीक. पण ताकात ते उघडं पडलं. पहिला घोट नेहमीसारखा, आणि गिळल्यावर जिभेच्या मागच्या बाजूला एक कडवट, धातूचा चमचा चाटल्यासारखी चव. काकडीच्या फोडीवरही तसंच. साध्या वरणभातात अगदी किंचित. मुलाने ताक सोडलं आणि दोन दिवसांनी त्याच्या बॅगेत कोल्ड्रिंकची बाटली सापडली. मला स्वतःला ती चव आठवड्याभरात सवयीची झाली असती, खोटं कशाला सांगू.

दुसरी गोष्ट पुडीने सांगितली. ती पुडी २४ दिवसांत संपली. आधी २७, आता २४! "हे लो-सोडियम आहे" म्हटलं की हात आपोआप सैल होतो, आणि थोडं कमी खारट लागलं की आणखी एक चिमूट पडते. हिशेब केला तर तरीही सोडियम कमीच गेलं होतं, कारण ते ३० टक्केवालं होतं: साध्या मिठाच्या भाषेत माणशी सव्वासात ग्रॅमच्या आसपास. १५ टक्केवालं असतं तर जवळजवळ काहीच फरक पडला नसता. हेही लक्षात ठेवा की ३० टक्के वजा करूनसुद्धा आठ-नऊ ग्रॅमचे पाच होत नाहीत. हात आखडावाच लागतो. मीठ बदलल्याने ती कटकट टळेल अशी आमची समजूत होती, ती पुडीवरच्या तारखेने मोडली.

पण निकाल या दोन गोष्टींनी लागला नाही. ताक पादेलोण घालून पिता येतं, हाताला सवय लावता येते. निकाल लावला दोन बरण्यांनी.

त्याच सुमारास आईची नेहमीची रक्ततपासणी झाली. तिला बीपीसाठी टेल्मिसार्टन चालू आहे आणि क्रिएटिनिन, म्हणजे किडनी कसं काम करते ते सांगणारा रक्तातला आकडा, गेली दोन वर्षं थोडं वर असतं, १.६ च्या आसपास. या वेळी पोटॅशियमही वर, ५.४ आलं. तिच्या डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिला, चष्मा वर केला आणि पहिलाच प्रश्न विचारला, "घरात मीठ कुठलं वापरता?" मी अभिमानाने सांगितलं. त्यांनी मान हलवली. "तुम्हाला चालेल. यांना नको, आजपासूनच नको." ते मघाचं शेपूट हेच होतं. किडनी थकलेली असली की जादा पोटॅशियम नीट बाहेर पडत नाही, आणि टेल्मिसार्टन, लोसार्टन, रॅमिप्रिल अशा बीपीच्या गोळ्या किंवा स्पायरोनोलॅक्टोन ही लघवीची गोळी असेल तर ते आणखी साठतं. फार वाढलं तर हृदयाच्या ठोक्यांवर येतं. चीनच्या प्रयोगातही ज्यांच्या किडन्या जास्त बिघडलेल्या होत्या त्यांना घेतलंच नव्हतं, आणि जागतिक आरोग्य संघटनेची शिफारसही किडनीच्या रुग्णांना, गरोदर बायकांना आणि मुलांना वगळूनच आहे. पुडीवर बारीक अक्षरात तसं छापलेलं असतंही. कर्जाच्या कागदांवरची बारीक अक्षरं वाचायचा पगार घेणाऱ्या मला ते दिसलं नव्हतं, याची अजून लाज वाटते. आईचा आकडा पुढच्या तपासणीत खाली आला, तेव्हा जीव भांड्यात पडला.

मग आम्ही समजूतदारपणे ठरवलं: दोन बरण्या. आईसाठी साधं, आमच्यासाठी लो-सोडियम. ताकाची तक्रार नको म्हणून या वेळी १५ टक्केवालं आणलं. चिनी मातीच्या दोन सारख्या बरण्या होत्या, एकीला पांढरं झाकण, दुसरीला निळं. निळं आमचं.

ऐकायला सोपं वाटतं. आता स्वयंपाक करून बघा. आमटी असेल तर मीठ घालायच्या आधी आईची वाटी वेगळी काढायची, तिच्यात वेगळं मीठ, वेगळी उकळी. जमतं. पोळ्यांची कणीक दोनदा भिजवायची. जमतं, कंटाळा येतो. पण कांदेपोहे? थालीपिठाचं पीठ? भरली वांगी? मीठ सारणात असतं, वरून नाही. मी दोन सारणं करायचो आणि आईची दोन वांगी ओळखू यावीत म्हणून त्यांची देठं कापून टाकायचो, बाकीच्या सहांची ठेवायचो. कढईत आठ वांगी, दोन बोडकी. आई पानावर बसली की आपली बोडकी वांगी बघायची आणि म्हणायची, "अरे, माझ्यासाठी एवढं वेगळं कशाला करत बसतोस? मला काय, लिंबू पिळलं तरी भात जातो." तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती, आणि म्हणूनच ते जास्त लागायचं. ज्या बाईने चाळीस वर्षं सगळ्या घराला एका पातेल्यातून वाढलं, तिचं पातेलं आम्ही वेगळं केलं होतं.

आणि मग एका सोमवारी भांड्यांच्या मावशींनी दोन्ही बरण्यांची झाकणं घासून, पुसून, ओट्यावर वाळत ठेवली. संध्याकाळी मी आलो तेव्हा झाकणं जागेवर होती. कुठलं कुठे, कोणालाच सांगता येईना. मावशी म्हणाल्या, "दादा, दोन्हीत मीठच आहे ना?" त्यांचं काय चुकलं? दोन बश्यांत दोन चिमटी काढून मी जिभेने ओळखायला बसलो. डावीकडचं, उजवीकडचं, पाणी पिऊन परत डावीकडचं. हिला बोलावलं, मुलाला बोलावलं. तिघांची तीन उत्तरं. १५ टक्केवाल्या मिठाचा मोठा गुण हाच की साध्या मिठापासून ते ओळखू येत नाही, आणि त्या संध्याकाळी नेमका तोच आमच्या आड आला. शेवटी दोन्ही बरण्या बाजूला ठेवल्या, कोपऱ्यावरच्या दुकानातून साध्या मिठाची छोटी पुडी आणली. पावणेनऊला आमटी झाली. आई तोवर दूध-पोहे खाऊन झोपली होती.

एखाद्याला हे क्षुल्लक वाटेल. झाकणांवर चिकटपट्टी लावता आली असती, बरण्या वेगळ्या घेता आल्या असत्या, हे मलाही कळतं. पण घरातलं मीठ डोळे झाकून उचलता यायला हवं. फोडणी करपत असते, कुकरची तिसरी शिट्टी होत असते, तेव्हा हात बरणीत जातो तो विचार करून जात नाही. दर वेळी "ही कुठली?" असं थांबावं लागणारं मीठ माझ्या स्वयंपाकघरात टिकणार नव्हतं, आणि चुकलं तर चुकीचा भार ८१ वर्षांच्या बाईवर पडणार होता. तिथे मी हिचा अर्थ सोडला आणि माझा धरला. हिनेही फार ओढून धरलं नाही.

आता साधं मीठ, कमी. हे काम एका दिवसात केलं तर घर बंड करतं. आम्ही दर पंधरा दिवसांनी एक पायरी उतरलो.

पहिली पायरी पोळी आणि भात. भाकरीत आपण मीठ घालत नाही आणि कोणाची तक्रार नसते. पोळीच्या कणकेत मात्र घालतो. बंद केलं. मुलाने चौथ्या दिवशी विचारलं, "पीठ बदललं का?" आठवड्यानंतर विचारायचंही बंद झालं. भातातलं मीठ काही घरांत नसतंच, आमच्याकडे होतं, तेही गेलं. जे पदार्थ दुसऱ्या कशाबरोबर खाल्ले जातात त्यांतलं मीठ सगळ्यात स्वस्तात सुटतं, असा माझा अनुभव.

दुसरी पायरी चमचा. बरणीतला लाकडी चमचा सपाट भरून काट्यावर ठेवला तर ७ ग्रॅम. म्हणजे एका चमच्यात एका माणसाच्या पूर्ण दिवसापेक्षा जास्त. तो काढून मिसळणाच्या डब्यातला हळदीचा जुना छोटा चमचा बरणीत टाकला, सपाट भरला तर ३ ग्रॅम. आधी आमटीला "दीड चमचा" घालायचो, आता "दोन चमचे" घालतो, आणि हाताला आपण उदार असल्याचा भास होतो. साडेदहाचे सहा ग्रॅम झाले. हे एका दमात केलं नाही, तीन चमच्यांवरून अडीच, अडीचवरून दोन असं महिन्या-दीड महिन्यात.

तिसरी पायरी मी सगळ्यांना सांगत सुटतो: मीठ शेवटी घाला. कोशिंबिरीत आधी घातलं तर काकडीला पाणी सुटतं, मीठ त्या पाण्यात जातं, मग आपण पुन्हा घालतो. पानात वाढताना वरून भुरभुरलं तर तेवढंच मीठ जिभेला दुप्पट लागतं. सुक्या भाजीचंही तसंच, उतरवायच्या आधी घातलं की कमी पुरतं. आणि आंबट वाढवा. आमसूल, चिंच, लिंबू, उन्हाळ्यात कैरी. आंबट असलं की मिठाची उणीव जाणवत नाही. आमच्या कोकणातल्या बायकांना हे न सांगता माहीत असावं, सोलकढीला मीठ किती थोडं लागतं बघा.

अवघड काय गेलं? पहिले तीन आठवडे. सगळं मिळमिळीत. मुलगा पानात पहिलं वाढलेलं मीठ संपवून पुन्हा मागायचा. पंगतीत मीठ आधी वाढायचा आपला रिवाज, तो मोडायचा नाही म्हणून मी पानात मोजून पाच-सहा कण ठेवायला लागलो. तो त्याला "देवाचं मीठ" म्हणायचा. पाहुणे आले की ऐन वेळी आमटीत अर्धा चमचा जास्त पडायचा आणि तीन दिवसांची सवय बिघडायची. लोणच्याशी तह करावा लागला. कैरीच्या लोणच्यातलं मीठ कमी करता येत नाही, केलं तर बुरशी येते, ते चवीपुरतं नसून टिकण्यापुरतं असतं. म्हणून लोणचं तसंच, पण पानात फोड घ्यायची, खार नाही. पेणचे पापड रविवारी. पापडखारातही सोडियमच, खाण्याच्या सोड्यातही सोडियमच, आणि पित्त झालं की पाण्यात फसफसवून पितो त्या पुडीचाही मोठा भाग सोडियम बायकार्बोनेटच. ती पुडी मी आठवड्यातून तीनदा घ्यायचो आणि वर जेवणातल्या चिमटीवर वाद घालायचो.

साधारण सातव्या आठवड्यात जीभ बदलली. ते कळलं घरात नाही, बाहेर. ऑफिसजवळच्या नेहमीच्या ठिकाणी मिसळ खाल्ली आणि वाटलं आज यांच्याकडून मीठ जास्त पडलं. समोरचा सहकारी मजेत खात होता. कट, फरसाण, पाव, तिन्हीत मीठ. इतकी वर्षं ते मला खारट लागलंच नव्हतं. तेव्हापासून पाकिटांवरचं सोडियमही वाचतो. तिथे ते मिलिग्रॅममध्ये असतं, त्याला अडीचने गुणलं की मीठ मिळतं. १०० ग्रॅमला ८०० मिलिग्रॅम सोडियम, म्हणजे २ ग्रॅम मीठ. लो-सोडियमवर असताना माझी जीभ अशी बदलली नव्हती. बरोबरच आहे, तिला खारट तेवढंच मिळत होतं, फक्त दुसऱ्या वाटेने. आणि घरात कुठलंही मीठ ठेवा, बाहेरचं तुमच्या ताब्यात नाही. तिथे तुमच्या बाजूने फक्त जीभ असते. माझ्या मते हा फरक मोठा आहे, पण मोजून दाखवता येणार नाही.

पुडीचं म्हणाल तर शेवटची ४३ दिवस पुरली. माणशी पावणेसहा ग्रॅमच्या आसपास. पन्नास अजून गाठलेले नाहीत. बीपी १३२-१३४ च्या आसपास असतं, खालचं ८४-८६. पण याच काळात मी रोज पाऊण तास चालायला लागलो आणि बीपीची ॲम्लोडिपिनची ५ मिलिग्रॅमची गोळीही चालू झाली, तेव्हा श्रेय कोणाला किती द्यायचं ते मला सांगता येणार नाही. डोस वाढवावा लागला नाही एवढं खरं.

अति मात्र करू नका. ओळखीतल्या एका आजोबांनी मीठ पूर्ण सोडलं, लघवीची गोळी चालू असताना. रक्तातलं सोडियम इतकं उतरलं की बोलणं असंबद्ध झालं आणि चार दिवस ॲडमिट व्हावं लागलं. दिवसभर उन्हात राबणाऱ्या माणसाचं गणितही वेगळं. एसीत बसून "घाम येतो हो" म्हणणाऱ्या माझ्यासारख्याचं नाही.

मग तुम्ही काय घ्यावं? घरात सगळ्यांच्या किडन्या ठणठणीत असतील, मघाशी नावं घेतली त्यांतली गोळी कोणाला नसेल, लहान मूल किंवा गरोदर बाई नसेल, आणि चवीला हात लावला तर घरात महाभारत होणार असेल, तर लो-सोडियम घ्या, शक्य तर ३० टक्केवालं, आणि पुडीवर तारीख टाका. एकट्या राहणाऱ्या, बाहेरचं फार न खाणाऱ्या माणसाला तर ते कदाचित माझ्या पद्धतीपेक्षा बरं पडेल. दोन्ही एकत्र करणारेही आहेत, कमी आणि बदललेलं. त्यांना माझा नमस्कार. पण ज्या घरात तीन पिढ्या एका पातेल्यातून जेवतात, आणि अशी घरं आपल्याकडे अजून पुष्कळ आहेत, तिथे कोणाची ना कोणाची टेल्मिसार्टन चालू असतेच. बरेचदा क्रिएटिनिन शेवटचं कधी तपासलं ते आठवत नसतं. अशा घरात मी तरी एकच बरणी ठेवीन. एक किडनी-पोटॅशियमची तपासणी करून मग ठरवायचं म्हटलं तर तेही शहाणपणाचंच, डॉक्टरांना विचारायला पैसे वेगळे पडत नाहीत.

झाकणांच्या घोटाळ्यातली ती दोन्ही मिठं मी एका डब्यात एकत्र ओतून ठेवली होती. फेकवत नव्हती. आई दर शनिवारी लिंबाचं पिळलेलं साल त्या डब्यात बुडवते आणि देवाचा तांब्या, पळी, ताम्हन घासते. मागच्या आठवड्यात डबा तळाला आला तेव्हा तिने मला विचारलं, "ते दुसरं मीठ संपलं की रे, आणखी आणणार का?"